वारी कशी झाली?

वारीहून परतल्यावर पहिला आठवडाभर हाच प्रश्न येत राहतो आणि माझ्याकडून ठरलेलं उत्तर जातं, "छान झाली. माउलींनी नेलं, माउलींनी आणलं." उत्तर खोटं नाही, पण त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. त्यानं दिवेघाटाचे फोटो पाहिलेले असतात, वरून टिपलेलं रिंगण पाहिलेलं असतं. त्याच्या डोळ्यांपुढे वारी म्हणजे पांढऱ्या टोप्यांचा पूर. चालणाऱ्याला तो पूर दिसतच नाही. त्याला पुढच्या माणसाची पाठ दिसते, पाठीवरची पिशवी दिसते आणि खाली रस्ता. म्हणून आळंदी ते पंढरपूर चालून मनावर एकूण काय उमटतं, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. वारीचा ठसा तुम्ही कुठून चालता यावर ठरतो. पालखीसोहळ्यात माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या असतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. त्यांच्या आजूबाजूनं, कडेकडेनं मोकळा, कोणत्याही दिंडीत नसलेला समाज चालतो. कडेनं चालणाऱ्याला जत्रा भेटते: केळी वाटणारे, चहाची पातेली, पाय दाबून देणारी मंडळं, रेनकोट विकणारे. दिंडीच्या आत चालणाऱ्याला काम भेटतं. पुढे पताकावाले, मग ओळीनं टाळकरी, मधोमध वीणेकरी आणि मृदंग, मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. ओळ तुटू द्यायची नाही, पुढच्या दिंडीत घुसायचं नाही, मागच्यांना खोळंबून ठेवायचं नाही. एक दिवस आळंदी-पुणे चालून आलेला माणूस "काय ती गर्दी!" म्हणतो. पुरी वाट चाललेला गर्दीबद्दल फारसं बोलत नाही. तो वेळा सांगतो.

कारण दिवसच तसा बांधलेला असतो. पहाटे तीनला तंबूत हालचाल सुरू होते. टँकरच्या नळाखाली आंघोळ. बायकांना त्याहून आधी, अंधारातच उरकावं लागतं, कारण आडोसा कमी. फिरती शौचालयं आल्यापासून हाल बरेच कमी झालेत, तरी चारनंतर तिथे रांग असतेच, तेव्हा साडेतीनच्या आत जाऊन यावं. मग कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला सामान बांधायचं, दुसऱ्याला दिंडीत येऊन उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. नवखा माणूस पहिला कर्णा ऐकून कूस बदलतो आणि दुसऱ्याला पिशवी शोधत धावतो. तोवर दिंडीचा ट्रक निघून गेलेला असतो, कारण ट्रकांना रथाच्या आधी वाट काढून पुढच्या तळावर तंबू ठोकायचे असतात. मग ते आठ-दहा किलोचं बोचकं दिवसभर स्वतःच्या पाठीवर.

सामानाचं गणित सोपं आहे. ट्रकमध्ये एक पिशवी. तिच्यावर रंगानं नाव आणि दिंडीचा क्रमांक. अंगावर फार तर दोन-अडीच किलो: पाण्याची बाटली, प्लास्टिकचा कागद, पंचा, भजनी मालिका, औषधाची पुडी. दिंडीचा क्रमांक पाठ करताना तो रथापुढचा की रथामागचा, हेही पाठ करायचं. दोन्हीकडे आकडे एकपासून सुरू होतात. "पंधरा नंबर" एवढंच लक्षात ठेवलेली माणसं दर वर्षी भलत्याच पंधरा नंबरच्या पंगतीला जाऊन बसतात. तिथेही त्यांना कोणी उठवत नाही ही गोष्ट वेगळी, पण इकडे त्यांचे लोक शोधत फिरतात. मोबाइलवर भरवसा ठेवू नये, कारण तळावर लाखो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात.

आता पाय. वारीची निम्मी आठवण पायांत असते हे विनोदानं म्हणत नाही. नवे बूट घालून आलेला पुण्यातच लंगडायला लागतो. महिना-दोन महिने वापरलेले, मागे पट्टा असलेले सँडल सर्वांत बरे. बूटच हवे असतील तर मोज्यांचे तीन जोड हवेत, कारण ओला मोजा तासाभरात फोड आणतो. फोड आलाच तर वरची कातडी सोलायची नाही. स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला, खालच्या अंगाला दोन भोकं पाडायची, पाणी दाबून काढायचं, वर बीटाडीन, गॉज आणि कागदी चिकटपट्टी. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी रीत आहे. ती मला पटत नाही, कारण तोच दोरा चिखलातलं पाणी आत ओढतो. साखरेचा त्रास असणाऱ्यानं रोज रात्री तळवे कोणाकडून तरी बॅटरीच्या उजेडात बघून घ्यावेत, त्याला स्वतःला दुखलेलं कळत नाही.

दुसरी अडचण कोणी आधी सांगत नाही: जांघा काचतात. पावसात भिजलेलं धोतर किंवा पँट दहा किलोमीटर घासली की दुसऱ्या दिवशी माणूस फेंगडा चालतो. निघायच्या आधी खोबरेल तेल लावायचं. पावडर नको, ती भिजली की तिचा लगदा होतो आणि आणखी काचतं. तिसरी अडचण गुडघ्याची. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. दिवसभर एकाच कडेनं चाललं तर एक पाय सतत खाली पडतो आणि संध्याकाळी तोच गुडघा बोलायला लागतो. विसाव्यानंतर बाजू बदलावी. नव्या चौपदरी पालखीमार्गावर हा उतार कमी जाणवतो, पण काँक्रीट डांबरापेक्षा कडक, आणि जुनी वडाची झाडं गेल्यानं सावलीही गेली. फलटणच्या पुढे हे फार लागतं.

वाटेत हवा किती बदलते, हेही फोटोत येत नाही. पुण्याहून सासवडचा टप्पा सर्वांत लांब, तीसेक किलोमीटर, आणि शेवटाला दिवेघाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढावर पाऊस, वारा आणि माणसांच्या अंगाची वाफ एकदमच. घाट फोटोसाठी थांबत थांबत चढणारा सर्वांत जास्त थकतो. एकाच संथ चालीनं, अभंगाच्या ठेक्यावर चढणारा वर पोहोचून बोलतोसुद्धा. सासवडला सोपानकाकांची समाधी, दोन रात्री मुक्काम, तिथे पाय वाचवून घ्यावेत. जेजुरीत भंडारा, वाल्ह्याहून पुढे नीरा. नीरेत पादुकांना स्नान घालून सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो आणि तिथून पावसाचा जोर कमी होत जातो. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. लोणंद-फलटणचा मुक्काम तिथीच्या क्षय-वृद्धीप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणून रजा मोजून घेणाऱ्यांनी त्या वर्षीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नये. नातेपुत्यापासून सोलापूर जिल्हा आणि काळी माती. एक सर आली की सँडलला किलोभर चिकटते. तंबूत झोपताना खाली प्लास्टिक, आणि तंबूभोवती वीतभर चर खणलेला आहे ना, ते झोपायच्या आधी स्वतः बघावं. रात्री दोनला पाणी आत आलं की मग कोणी खणत नाही.

खाण्यात घोटाळा होतो तो उपासमारीनं नाही, अतिवाटपानं. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की दिंडीत दोन वेळचं जेवण मिळतं. त्यावर रस्त्यानं दर शंभर पावलांवर कोणीतरी हात पुढे करतं: चिवडा, राजगिऱ्याचा लाडू, भजी, चहा. "घ्या ना माउली" म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं. मी चहा दिवसाला तीनवर ठेवतो आणि कापून ठेवलेली फळं घेत नाही. केळं चालतं, ते सालीत असतं. जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं जास्त टाकलं तर उलटा त्रास.

रिंगणाबद्दल सगळे विचारतात, म्हणून सांगतो. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं: दिंड्या रस्त्याच्या दोन अंगांना उभ्या राहतात आणि मधल्या वाटेनं अश्व रथापर्यंत दौडतात. गोल रिंगणात आधी पताकावाले पळतात, मग तुळशीवाल्या, वीणेकरी, आणि शेवटी दोन अश्व, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसरा मोकळा, माउलींचा. डोळ्यांचं पारणं फिटतं हे खरं, पण ती दौड काही क्षणांची आणि तिच्यासाठी दोन तास उन्हात उभं राहणं. अश्व गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला एकच झुंबड उडते. लहान मूल कडेवर असेल तर तेव्हा पुढे जाऊ नये. माझ्या मनावर रिंगणापेक्षा नंतरच्या फुगड्या जास्त राहतात. सत्तरीची म्हातारी आणि कॉलेजची पोरगी, हात गुंतवून, तोल मागे टाकून.

आणि समाजआरती. एकच गोष्ट बघून वारी समजून घ्यायची असेल, तर मी दिवेघाट सोडून तळावरची संध्याकाळ सांगेन. दिवसभर चाललेल्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळ टिपेला पोहोचलेले असतात, शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे मानकरी, दंड उंच करतात. एवढा मोठा आवाज थांबायला जेवढा वेळ लागावा असं वाटतं, त्याच्या दहाव्या हिश्शात तो थांबतो. कोणाच्या तरी टाळाचा शेवटचा खणका, मग दूर रस्त्यावर ट्रकचा हॉर्न, मग तोही नाही. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले, तर ओळखायचं की तिची तक्रार आहे: पाणी मिळालं नाही, तंबूची जागा कोणी बळकावली, चालताना मधे दुसरी दिंडी घुसली. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो आणि ते टाळही थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि आरती होते. लाखोंच्या समुदायात तक्रार मांडायची ही रीत. ओरडायचं नाही, टाळ थांबवायचे नाहीत. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचं रूप दिलं. त्यात लष्करी थाट आहे असं म्हणतात. कर्ण्यांत आणि चालीच्या क्रमात तो दिसतोच. पण तक्रारीची ही सोय बघितली की हा थाट मला हुकमाचा वाटत नाही.

आवाजाचंच आणखी एक. बाहेरून वारीचा एकच मोठा गजर ऐकू येतो. आतून प्रत्येक दिंडीचा अभंग वेगळा असतो. सकाळी रूपाचे अभंग, भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगळे या नावांची पदं, मग गौळणी, दुपारनंतर हरिपाठ. क्रम सगळ्यांचा तोच, पण कोणी दोन चरण पुढे, कोणी मागे. आपला मृदंग सोडून पुढच्या दिंडीचा ठेका कानात शिरला की पाऊल चुकतं. उपाय एकच, वीणेकऱ्याच्या टाचेकडे बघत चालायचं. टाळ नवीन असेल तर दोरी बोटाला सुती पट्टी गुंडाळून मगच धरावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे चीर पडते आणि पावसात ती भरत नाही.

वाखरीहून पंढरपूर अगदी जवळ, पण तो दिवस संपता संपत नाही. सगळ्या संतांच्या पालख्या तिथे एकत्र येतात, नामदेवरायांची पालखी पंढरपुरातून सामोरी येते, माउली सर्वांत शेवटी. पाऊल पुढे टाकायला जागा मिळेपर्यंत उभं राहायचं, आणि चालण्यापेक्षा उभं राहून पाय जास्त सुजतात. एकादशीला पदस्पर्शाची रांग कित्येक तासांची असते. म्हणून चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, बाहेरूनच कळसाला हात जोडायचे, झालं. एवढं चालून देव न भेटता परतलात का, असं घरचे विचारतात. दिंडीत तो प्रश्न कोणी कोणाला विचारलेला मी ऐकला नाही.

पालखी पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबते आणि मग थोडक्या लोकांबरोबर परत चालू लागते. बाकीचे आम्ही एसटीनं निघतो. आमची पुण्याची गाडी त्याच वाटेनं येते. वेळापूरला खिडकीतून तळाचं मैदान दिसतं, खुंट्यांची भोकं अजून बुजलेली नसतात. वेळापूर ते माळशिरस, आमचा एक पूर्ण दिवस, कंडक्टर मागच्या बाकापर्यंत तिकिटं फाडत पोहोचतो तोवर संपलेला असतो.