महापुरात भिजलेला दगड

ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, पलूस तालुक्यातली काठावरची गावं कित्येक दिवस पाण्यात. मी गिरण्यांची कामं करतो. पाणी उतरल्यावर एका गिरणीवाल्या अण्णांचा फोन, "मिस्त्री, काय बी करा पण गिरणी चालू करा, घराघरात गहू हाय आन् पीठ न्हाय." सरकारनं घरटी १० किलो गहू, १० किलो तांदूळ दिलेले. पण गाव बुडालं म्हणजे गिरणीपण बुडाली, एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मोटर धुतली, बल्ब लावून सुकवली, वार्निश मारलं. खरा प्रश्न दगडाचा. लोकांना वाटतं दगडाला पाण्याचं काय. पण हल्लीचा गिरणीचा दगड खाणीतला नसतो, एमरीचे (घासायला वापरतात त्या कठीण खनिजाचे) खडे मॅग्नेसाइट पावडर आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात कालवून साच्यात ओततात, आणि हे सिमेंट नेमकं पाण्यालाच कच्चं, जास्त भिजलं की खड्यांवरची पकड सुटत जाते आणि वरून काहीच दिसत नाही. असा दगड मिनिटाला ६००-७०० फेरे घेताना फुटला तर? हातोडीनं वाजवला, एका बाजूला खणखणीत, दुसरीकडं बद्द. म्हटलं, अण्णा, हा मी चढवणार नाही. अण्णा लई चिडले, बाहेर बायका डबे घेऊन उभ्या.

परड्यात त्यांच्या वडलांची जुनी चक्की पडलेली, काळ्या दगडाची, इंजिनवर चालायची. गाळ खरवडला, दोन्ही दगड वाजवले, तडा नाही. मग टाकी, म्हणजे दगड टाचायची छिन्नी, घेऊन बसलो. चरे मध्याजवळ खोल आणि कडेला उथळ करत न्यायचे, नाहीतर दाणा आत शिरत नाही. इंजिनपेक्षा मोटरचे फेरे जास्त म्हणून मोटरला छोटी पुली बसवली. पहिलं दळण टाकून दिलं, त्यात दगडाची कच असते. पीठ जाडसर यायचं, काळा दगड लवकर गुळगुळीत होतो म्हणून सारखी टाकी लावावी लागायची, पण गावात चुली पेटल्या.

नंतर अण्णांनी तोच भिजलेला दगड उन्हात वाळवून दुसऱ्या मिस्त्रीकडून चढवून घेतला. अजून चालतोय म्हणे. वाळला म्हणून सुटलेली पकड परत येते हे मला पटत नाही, आणि त्या मिस्त्रीनं वाजवून तरी बघितला का माहीत नाही. कुणी पुरात बुडालेला एमरी दगड पुढं वर्षानुवर्षं चालवला असेल तर सांगा, कडा झडल्या का, आवाज बदलला का.