शेजार ठरवणारे सरकार

आमच्या मजल्यावरील तमिळ काकांचे घर विक्रीला आहे. सर्वांत चांगला भाव देणारे कुटुंब चिनी निघाले आणि तेवढ्याच कारणाने व्यवहार फिसकटला. सिंगापूरमधील बहुसंख्य रहिवासी एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारतींत राहतात आणि १९८९ पासून अशा प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती घरे असावीत याची मर्यादा ठरलेली आहे. चिनी कुटुंबांसाठी ती ८७ टक्के आहे. आमच्या इमारतीत ती भरल्यामुळे चिनी मालक आपले घर चिनी माणसाला विकू शकतो, काका विकू शकत नाहीत. आणि देशातील सुमारे तीन चतुर्थांश लोक चिनी वंशाचे असताना गिऱ्हाईक कमी म्हणजे भावही कमी. समतेसाठी केलेल्या नियमाचा भुर्दंड अल्पसंख्याकानेच भरावा, हे मला अजून पचलेले नाही.

तरीही काका नियमाच्या बाजूने बोलतात. १९६४ च्या चिनी-मलय दंगलींच्या आठवणी त्यांनी वडिलांकडून ऐकल्या आहेत आणि वस्त्या वेगळ्या झाल्या की पुढे काय होते, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यांचे ऐकताना मला पुणे आठवले. कोथरूडमध्ये कोण राहतो आणि कोंढव्यात कोण, हे आपल्याकडे कोणत्याही कायद्याने ठरवलेले नाही, तरी ते ठरलेले आहे.

मात्र हेच सरकार भाड्याच्या घराच्या दारापाशी थबकते. आम्ही घर शोधत होतो तेव्हा काही जाहिरातींत ‘भारतीय नकोत’ असे सरळ लिहिलेले असे. जेथे लिहिलेले नसे तेथे एजंट फोनवर आधी देश विचारी, मग स्वयंपाक किती करता हे विचारी. ‘रोज करतो’ म्हटले की घर नुकतेच गेल्याचे समजे. एका मालकिणीने स्वयंपाकघर दाखवताना शेगडीवरच्या पांढऱ्या टाइल्सवरून बोट फिरवले आणि फोडणी देणार नसाल तरच पुढचे बोलू, असे सांगितले. मोहरी-हिंगावाचून आमटी कशी करायची, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. नोकरीतील वंशभेदाविरुद्ध येथील संसदेने जानेवारी २०२५ मध्ये कायदा संमत केला. घरमालकाच्या आवडीनिवडीला त्याने हात लावलेला नाही. आमच्या आईने सदाशिव पेठेतील वरच्या दोन खोल्या कायम शाकाहारी कुटुंबालाच दिल्या, हे मला ठाऊक आहे. पण तेथे जिना एकच होता आणि स्वयंपाकघरे एकमेकांना लागून होती, त्यामुळे ती गोष्ट निराळी, असे माझे मत आहे.

याविषयी जाहीरपणे बोलावे म्हटले तर त्यासाठीही जागा नेमलेली आहे. हाँग लिम पार्कमध्ये २००० सालापासून ‘स्पीकर्स कॉर्नर’ आहे. तेथे नागरिकाने नोंदणी करून बोलावे. धर्माचा विषय आणि वंशावंशांत वैर वाढवणारे बोलणे वर्ज्य. परक्या देशाच्या माणसाला परवान्याशिवाय बोलता येत नाही. रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या गावातून आलेल्या माणसाला हे फार लागते. आपल्या राज्यघटनेचे १९ वे कलमदेखील भाषणस्वातंत्र्य नागरिकांनाच देते, असे एका सहकाऱ्याने सुनावले आणि ते खरे आहे. शिवाय ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेत जमावाने जी नासधूस केली, ती पाहिलेल्या पुणेकराने स्वातंत्र्याचा तोरा किती मिरवावा, हाही प्रश्नच आहे. येथे जमाव येत नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी पोलीस येतात. मुलीला रात्री उशिरा एकटीने घरी येता येते तेव्हा मला ते पटते. जाहिरातीतील ‘भारतीय नकोत’ आठवले की पटत नाही.

आम्ही पीआरचा, म्हणजे येथील कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज भरला आहे. तो मंजूर झाला तर हाँग लिम पार्कमधील निदर्शनात मला इतरांबरोबर उभे राहता येईल. भाषण मात्र नागरिकानेच करायचे.