बाबांच्या हाताचं स्टिम्युलेशन आणि मेडिक्लेमचा एक कागद (इंदूर)

हॉस्पिटलातल्या दिवसांबद्दल तक्रार नाही, उपचार चांगले झाले. अडकलो ते डिस्चार्जनंतर.

स्ट्रोकनंतर बाबांची उजवी मूठ घट्ट मिटलेली, उघडेच ना. रामबागेत घरी येणाऱ्या फिजिओ ताई म्हणाल्या स्टिम्युलेशन, म्हणजे मशीनने हलका करंट देऊन स्नायू हलवणं, सुरू करूया. कोपराच्या खाली हाताच्या मागच्या बाजूला दोन पॅड लावायचे, मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू तिथेच असतात, करंटने तिथली नस जागी होते आणि बोटं उघडतात. पहिल्यांदा उघडली तेव्हा आईने लगेच देवापुढे साखर ठेवली.

मग ही बिलं मेडिक्लेमला लावली. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च मिळतो, पण उत्तर आलं की डिस्चार्ज समरीत नुसतं 'फिजिओथेरपी' लिहिलंय, स्टिम्युलेशन डॉक्टरांनी सांगितल्याचा कागद द्या. झालं. रेकॉर्डच्या काउंटरवर गेलं की म्हणे डॉक्टरसाहब से लिखवा लो, ओपीडीत गेलं की म्हणे समरी रेकॉर्डवालेच बदलतात, परत खाली यावं तर सिस्टम बंद है, कल आना. इकडे ६० दिवस सरत चालले, घरी बाबा विचारतायत आज ताई येणार ना, आणि एका ओळीसाठी हे दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत! मला अजून राग येतो, कारण ज्याच्या घरी धावपळ करणारं कोणी नाही तो माणूस सेशनच बंद करेल, आणि सुरुवातीचे महिनेच तर हातासाठी सगळ्यात मोलाचे.

शेवटी समरी बदलायचा नाद सोडला. न्यूरोच्या डॉक्टरांकडून वेगळ्या लेटरहेडवर लिहून घेतलं: निदान, उजवा हात, स्टिम्युलेशन कशासाठी, आठवड्यात किती वेळा, तारीख, सही, रजिस्ट्रेशन नंबर. त्यावर सेशनचे पैसे मंजूर झाले, घरच्या मशीनचे नाही झाले. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच, बिल भरायच्या आधी, हे लिहून घ्या. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही तिने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर भोपाळला विमा लोकपाल आहेत, विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करा.

मशीन घेताना दुकानदार टेन्स (TENS) नावाचं मशीन पुढे करतो, ते मुख्यतः दुखण्यासाठी असतं, स्नायू हलवायचं मशीन वेगळं, फिजिओला विचारूनच घ्या. पेसमेकर असेल तर आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा, फिट येत असतील तरी सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, करंट आला की पेशंटने स्वतःही बोटं उघडायचा जोर लावायचा, टीव्ही बघत नुसतं पॅड लावून बसू देऊ नका. स्नायू लवकर दमतो म्हणून मधे थांबावं लागतं, ती वेळ घाईने कमी करू नका. पॅड काढल्यावर कातडी लाल राहिली तर ताईंना दाखवा, आणि चिकटपणा गेलेले पॅड चालवू नका, करंट एकाच जागी टोचतो.