फौंड्री गेली, माती राहिली

जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या ह्यॉर्डे भागात फिनिक्स नावाचं तळं आहे. २४ हेक्टर पाणी, काठानं घरं, संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर असते तशी गर्दी. याच जागी १८४१ पासून पोलादाचा कारखाना होता. तो २००१ साली बंद पडला, यंत्रं सुटी करून चीनला गेली आणि तळ्यात पाणी सोडायला १ ऑक्टोबर २०१० उजाडला. मधली वर्षं जमिनीच्या कामात गेली. जुने पाये उखडायचे, माती तपासायची, हलवायची, आणि कारखान्याखालून बंद नळातून वाहणारी एम्शर नदी पुन्हा उघड्यावर आणायची. तळं नुसतं शोभेचं नाही. एम्शर फुगली की जादा पाणी त्यात वळतं.

कोल्हापूरकरांनी हे नीट पाहावं असं मनापासून वाटतं. शहरातल्या जुन्या उद्यमनगरातलं फौंड्रीचं, म्हणजे लोखंड ओतायचं, बरंच काम शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडे गेलं. शाहू महाराजांनी १९०६ साली उभारलेल्या शाहू मिलची जागाही भर शहरात आहे. असा प्लॉट निघाला की पहिली चौकशी एफएसआयची, म्हणजे किती बांधकाम करता येईल याची होते. मातीची चौकशी त्याच्याही आधी व्हायला हवी, कारण इमारत कुठं बसवायची हे मातीच सांगते.

सुरुवात कागदापासून. क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, कुठं होता, ऑइलची टाकी कुठं, प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवायची) टाकी कुठं, ट्रान्सफॉर्मर कुठं, वापरलेलं कूलंट (यंत्र थंड ठेवणारं तेलकट पाणी) कुठं ओतायचे? जुना नकाशा नसेल तर निवृत्त मोल्डर (साचे करणारे) आणि फिटर यांना जागेवर आणून विचारावं. एका दुपारी ते जे दाखवतात, ते पन्नास बोअर मारूनही सापडत नाही.

मग शेड. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतो. पत्रे आधी भिजवायचे, बोल्ट कापून अख्खे उतरवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. जेसीबीनं शेड पाडली की तंतू सगळ्या प्लॉटवर पसरतात आणि पुढं मातीपासून वेगळे करता येत नाहीत.

आता खड्डा. वर हातभर मुरूम, त्याखाली काळी वाळू, कोअरचे (साच्यातल्या वाळूच्या गाभ्याचे) तुकडे, कोळशाच्या भुकटीचा आणि फिनॉलचा वास. चुंबक फिरवला की लोखंडाचे बारीक मणी चिकटतात. प्लेटिंगच्या जागी खड्ड्यात साचलेलं पाणी पिवळसर दिसलं तर सहासंयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी, पाण्यात विरघळणाऱ्या रूपाचा संशय घ्यावा. त्यावर हिराकस (फेरस सल्फेट) चालतं. ते क्रोमियमला कमी विषारी, न विरघळणाऱ्या रूपात आणतं. पण मात्रा प्रयोगशाळेत ठरवूनच, आणि नंतर पुन्हा तपासणी.

नमुने घेताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे मिसळ. पाच ठिकाणची माती एकत्र केली, त्यात चार ठिकाणी शिसं किलोला ५० मिलिग्रॅम आणि एका ठिकाणी १५०० असेल, तर सरासरी ३४० येते. जर्मनीत शिशाचं तपासणी-मूल्य, म्हणजे ज्याच्यापुढं सखोल तपास करावा लागतो तो आकडा, घरांच्या जागेसाठी ४०० आहे. म्हणजे अहवाल स्वच्छ आणि तो कोपरा विषारी. संशयाच्या जागी नमुना वेगळाच ठेवायचा. मुलं जिथं खेळणार तिथं वरचे १० सेंटिमीटर आणि १० ते ३५ सेंटिमीटर असे दोन थर स्वतंत्र तपासतात.

त्याच जर्मन नियमात शिशाचं मूल्य मुलांच्या खेळाच्या जागेला २००, सार्वजनिक बागेला १०००, कारखान्याला २००० आहे. म्हणून नकाशा मातीवरून आखतात: सगळ्यात खराब तुकड्यावर पार्किंग, सगळ्यात स्वच्छ तुकड्यावर मुलांची जागा. आपल्याकडं बहुतेक वेळा उलटं होतं; उरलेला कोपरा मुलांना मिळतो.

सगळी माती उचलू म्हणणाऱ्यानं हिशोब करावा. एक एकर, एक मीटर खोल म्हणजे ४००० घनमीटर. उकरल्यावर ती फुगून सुमारे ५००० होते, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या ५०० खेपा. त्यातली घातक ठरलेली माती गावाबाहेरच्या खाणीत टाकता येत नाही, ती रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच जायला हवी. त्यामुळं फक्त खराब जागा उचलायच्या आणि बाकीवर झाकण घालायचं: भगवी जाळी, म्हणजे पुढं खणणाऱ्याला इशारा मिळतो, आणि त्यावर मीटरभर स्वच्छ माती. झाडांच्या खड्ड्याला याहून खोल स्वच्छ माती लागते. खोदकाम मेअखेर संपवायचं. जूनमध्ये उघडा ढीग राहिला की पहिल्याच पावसात गटारातून पंचगंगेला जातो.

भरावात पोलादभट्टीचा स्लॅग (वितळलेल्या धातूवरची मळी) असेल तर वेगळं दुखणं. त्यातला मोकळा चुना पाणी लागल्यावर फुगतो आणि फरशी उचलतो, कधी कधी काही वर्षांनी. क्युपोलाचा काचेसारखा स्लॅग सहसा फुगत नाही, तरी मोकळा भराव खचतोच.

पाण्याच्या तीन गोष्टी कोल्हापुरात फार जपायला हव्यात. पावसाचं पाणी जिरवण्याचा खड्डा खराब भरावात काढला की ते पाणी विष धुऊन थेट खाली नेतं; तो स्वच्छ भागातच हवा, नाहीतर पाणी टाकीत साठवावं. पेट्रोल किंवा सॉल्व्हंट मुरलेल्या मातीतून साधा काळा पीई (पॉलिथिन) पाइप टाकू नये, ती रसायनं पाइपाच्या भिंतीतून पिण्याच्या पाण्यात उतरतात. तिथं डीआय (डक्टाइल आयर्न, एक प्रकारचं ओतीव लोखंड) पाइप घालावा, आणि त्याचे रबर सीलही तेल सोसणारे असावेत. भूजलाची दिशा कळायला किमान तीन विहिरी लागतात. त्यांचं पाणी मेमध्ये आणि पूर ओसरल्यावर असं दोनदा तपासावं, कारण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडतं तेव्हा नदीकाठच्या भागात जमिनीतलं पाणीही वर येतं.

केंद्र सरकारनं २०२५ साली प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम काढले आहेत. प्लॉट घेण्याआधी सल्लागाराकडून ते वाचून घ्यावेत. आणि झाकणाचा नकाशा, कुठं काय पुरलंय आणि किती खोल, हा सोसायटीच्या ताब्यात ताबापत्राबरोबर द्यावा. दहा वर्षांनी उन्हाळ्यात टँकर परवडेना म्हणून कुणी बोअर मारायला निघेल, तेव्हा चेअरमनच्या हातात तो कागद हवा.