एका हॉलपायी अडकलेला स्लॅबचा हप्ता (माझा अनुभव)

लातूरला घर बांधायलोय, ३० बाय ४० चा प्लॉट, होम लोन काढून. प्लॉटची कागदपत्रं, नकाशा मंजुरी, लोन सँक्शन ह्यातलं काही सांगत बसत नाही, झालं ते. बँक लोनचे पैसे एकदम देत नाही, काम होईल तसे टप्प्यानं देते, त्यालाच हप्ता म्हणायलोय. जोत्याचा हप्ता तर आठवड्यात खात्यावर आला. अडकलो ते स्लॅबच्या हप्त्याला, अन कशापायी तर बाहेरच्या खोलीला इंग्रजीत काय म्हणायचं ह्यापायी. १७ दिवस! सेंट्रिंग (स्लॅब ओतायचा साचा) ठोकून तयार, प्लेटा अन टेकूचं भाडं रोज चालू, अन मी बँकेच्या बाकड्यावर.

झालं असं की मंजूर नकाशात त्या खोलीला 'हॉल' लिहिलंय. आमच्या इंजिनिअरनं एस्टिमेटला फरशीचा हिशोब लावताना 'ड्रॉइंग रूम' लिहिलं. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे बांधकामाची किंमत ठरवणारा, साइट बघून गेला त्यानं रिपोर्टात 'लिव्हिंग रूम' टाकलं. खोली एकच. बँकेतले साहेब तिन्ही कागद समोर ठेवून म्हणले, "नकाशात ड्रॉइंगही नाही अन लिव्हिंगही नाही, मग ह्या दोन खोल्या कुठून आल्या? वाढीव बांधकाम केलंय का?"

मी म्हणलं, साहेब, तिन्ही एकच आहे हो, बसायची खोली.

"तसं लिहिलेलं कुठंय?"

आता काय बोलावं. दुसऱ्या दिवशी गेलो तर साहेब रजेवर, चौथ्या दिवशी गेलो तर फाइल वरच्या ऑफिसला, मग कळलं की ती गेलीच नव्हती, शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या फाइलीखाली पडलेली. (पोच घेत जा, कागदाच्या झेरॉक्सवर सही-शिक्का-तारीख, मी पहिल्यांदा घेतलीच नाही.) एकदा तर मी चिडून म्हणलं की साहेब चला साइटवर, मी खोली दाखवतो, त्यावर ते शांतपणे म्हणले की खोली बघून झाली, आता कागद जुळले पाहिजेत.

बाकड्यावर बसून बसून भाच्याला फोन लावला, तो इंग्लंडला नोकरीला आहे. तो हसायलाच लागला. म्हणला मामा, इथं हॉल म्हणलं तर दारातून आत आलं की चपला काढायची, कोट टांगायची बोळ! बसायच्या खोलीला कुणी सिटिंग रूम म्हणतं, कुणी लाउंज, कुणी फ्रंट रूम, अन घर भाड्यानं बघायला जावं तर जाहिरातीत 'रिसेप्शन रूम' लिहिलेलं असतं. लिव्हिंग रूम अमेरिकेत जास्त चालतं. म्हणजे आपल्या टू बीएचके मधला एच हा आपलाच, तिकडं तो कुणाला कळणार पण नाही. मला तर लाउंज म्हणलं की विमानतळच आठवतं.

मग रिकामाच होतो म्हणून मोबाईलवर वाचत बसलो. ड्रॉइंग रूमचा चित्र काढण्याशी काही संबंध नाही, मूळ शब्द विथड्रॉइंग रूम, म्हणजे सगळ्यांतून उठून बाजूला जाऊन बसायची खोली, पुढचं 'विथ' झिजून गेलं. पार्लर हा फ्रेंचमधल्या बोलणं ह्या शब्दावरून, गप्पांची खोली, आपल्याकडं त्याचं ब्युटी पार्लर झालं. अन हॉल म्हणजे जुन्या काळी इंग्रजांच्या घरातली मुख्य जागाच, जेवण, बसणं, नोकरांचं झोपणं सगळं तिथंच, पुढं वेगळ्या खोल्या निघत गेल्या अन हॉलची बोळ झाली. आपण मात्र अजून जुन्याच अर्थावर आहोत, आमच्या हॉलमध्ये दिवाण, टीव्ही, पाहुणे, लेकरांचा अभ्यास, सगळं.

खरं सांगायचं तर साहेब अगदीच चूक नव्हते. मोठ्या बंगल्यात पाहुण्यांची ड्रॉइंग वेगळी अन घरच्यांची लिव्हिंग वेगळी असतेच की. आमच्या गावच्या माळवदाच्या वाड्यात तर नावावरूनच कळायचं कोण कुठवर येणार, परका माणूस ढाळजेत (दारातून शिरल्या शिरल्या बसायची जागा), ओळखीचा ओसरीवर. पण माझ्या १२०० फुटात दोन-दोन बैठकी बसतील कुठं, हे त्यांनी एकदा तरी मनात आणायचं ना!

शेवटी सुटलं ते शब्दानं नाही, मापानं. नकाशात मीटरमध्ये ३.६६ गुणिले ४.८८, एस्टिमेटमध्ये फुटात १२ बाय १६. इंजिनिअरकडून लेटरहेडवर लिहून घेतलं की हॉल, ड्रॉइंग, लिव्हिंग ही एकाच खोलीची नावं, १९२ चौरस फूट म्हणजे साधारण १७.८६ चौरस मीटर, अन सोबत नकाशाच्या झेरॉक्सवर ती खोली लाल पेनानं गोल करून दिली. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला, परत एकदा केला, अन सही! तिसऱ्या दिवशी पैसे जमा. मला आनंदापेक्षा राग जास्त आला, हेच पहिल्या दिवशी सांगायचं होतं ना.

म्हणून एस्टिमेट करताना इंजिनिअरच्या शेजारी बसा, समोर मंजूर नकाशा ठेवा अन त्यात जे नाव आहे तेच उतरवून घ्या, स्पेलिंगसकट. खोलीच्या नावापुढं माप लिहायला लावा. अन व्हॅल्युअर येईल तेव्हा नकाशाची एक कॉपी त्याच्या हातात द्या, मी चहा दिला, नकाशा दिला नाही. हां, अन हप्त्याची तारीख कळल्याबिगर सेंट्रिंग आणून ठेवू नका, ते भाडं मला चांगलंच पडलंय.

स्लॅब पडला, पाणी मारणं चालू आहे. आई त्या खोलीला 'सोपा' म्हणते, जुन्या घरातल्या पुढच्या बसायच्या जागेचं नाव. काल फर्निचरवाल्याचं कोटेशन आलं, त्यात पहिल्याच ओळीला 'लाउंज'. रात्री साडेनऊला फोन करून खोडायला लावलं.