नऊ तास

म्हापशात माझं तिकिटांचं ऑफिस आहे, चौदा वर्षं झाली. गेल्या नोव्हेंबरातला एक मंगळवार डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

सकाळी अकराला पेडण्याहून एका ताईंचा फोन. वडील गेले, भाऊ इंग्लंडात स्विंडनला, मिळेल ते पहिलं विमान बघा. सीट शोधता शोधता त्यांचा प्रश्न कानावर आला, लंडनहून किती वेळ लागतो ओ भाऊ? मी म्हटलं नऊ तास. आणि फोन ठेवला.

हे नऊ तास तसे खोटे नाहीत. लंडन ते मुंबई सरळ अंतर साधारण 7200 किलोमीटर, पूर्वेकडे येताना वारा पाठीमागून मिळतो म्हणून नऊ, इथून जाताना तेच दहा किंवा जास्तच. शिवाय एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या कंपन्यांच्या विमानांना बंद होतं, त्यांना वळसा पडायचा, म्हणून मी मुद्दाम ब्रिटिश कंपनीचं बघत होतो. अंतर सांगणाऱ्या वेबसाइटी तर गोलावर दोन ठिपके जोडतात, ठरावीक वेगाने भागतात की झाला आकडा तयार, त्यात ना सिक्युरिटीची रांग ना पुढचं विमान. लोक तोच धरून बसतात आणि मला राग येतो. पण त्या दिवशी आकडा मीच दिला होता.

फोन आला तेव्हा इंग्लंडात पहाटेचे साडेपाच. सीट मिळाली ती हीथ्रोहून रात्री नऊची, म्हणजे मुंबईला उतरणार आपल्या बुधवारी साडेअकराला. तिकीट गोव्यापर्यंत एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, असलं तरी मुंबईलाच इमिग्रेशन, तिथेच बॅग घ्यायची, कस्टम्समधून काढायची, परत टाकायची, हे बाहेरच्यांना माहीतच नसतं. मी भावाला सांगितलं, फक्त हातातली बॅग घे. पुढचं अडीचचं धरलं, गोव्यात मोपा विमानतळावर पावणेचार. मोपा त्यांच्याच तालुक्यात म्हणून बरं, गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावर, दाबोळीला, उतरला असता तर अंधार पडला असता.

हे सगळं भावाला नीट समजावलं, ताईंना फोन करायचं मात्र राहिलं. दुपारी तीनला त्यांचाच आला, "आठपर्यंत पोचेल ना ओ? लाकडं आणली, सगळ्यांना कळवलंय." अकरा अधिक नऊ म्हणजे रात्रीचे आठ, त्यांचा हिशोब बरोबरच होता. मी उद्या संध्याकाळचं सांगितल्यावर बराच वेळ पलीकडून आवाजच नाही. मग हळूच म्हणाल्या, म्हणजे बाबांना शवागारात ठेवायला हवं.

बुधवारी साडेचारला तो घरी पोचला. पहिल्या फोनपासून साडेएकोणतीस तास. उजेड असतानाच अग्नी दिला, मी गेलो होतो. ताई मला काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांच्या आईनं मला थांबवलं, "नऊ तासांचं विमान एवढं उशिरा कसं रे झालं बाबा?"

दोन्ही विमानं वेळेवर होती. मी त्यांना ते सांगू शकलो नाही.