ओरिजिनल प्रिस्क्रिप्शन कुठून आणू?

कळव्यात आमचं मेडिकल आहे. गेल्या पावसाळ्यात एका आजींच्या मुलाने वकिलाची नोटीस पाठवली. अल्प्राझोलाम (घबराटीवरची, गुंगी आणणारी गोळी) ०.२५ मिलिग्रॅमची लिहिली होती, तुम्ही ०.५ ची दिलीत, आई गुंगीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. खरं काय घडलं ते इथे लिहीत नाही, वकिलांनी तंबी दिली आहे. दुकानाचा आग-चोरीचा विमा इथे कामाचा नव्हता, पण माझ्या नावावर प्रोफेशनल इन्डेम्निटी, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल कोणी दावा केला तर त्यासाठीचा विमा, होती. म्हणून मी निर्धास्त. पुढे ग्राहक आयोगाची नोटीस आली.

क्लेम फॉर्म, तक्रारीची प्रत, बिलाची कॉपी, एच-१ (नोंद ठेवूनच विकायची औषधं) रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स घेऊन विमा कंपनीच्या ठाण्यातल्या शाखेत गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, ओरिजिनल प्रिस्क्रिप्शन?"

अहो, ते पेशंटकडे असतं! औषध दिलं की आम्ही त्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकतो, कागद परत देतो. एच-१ मधल्या औषधांसाठी डॉक्टर, पेशंट, औषध, नग रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते ३ वर्षं जपायचं. जपलंय. साहेबांनी सगळं ऐकलं आणि चेकलिस्टच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

दुसऱ्या फेरीला वेगळे साहेब, ओळ तीच. तिसऱ्यांदा सल्ला मिळाला, "पेशंटकडून मागून घ्या ना." ज्याने केस टाकली त्याच्याच दारात जाऊ? दुकानात फार्मासिस्ट मी एकटीच, त्यामुळे प्रत्येक फेरीला भर दुपारी शटर खाली. उत्तर द्यायला आयोगाचे ३० दिवस, फार तर वर १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केलंय. इथे एकेक आठवडा चौथ्या ओळीत जात होता.

पाचव्या फेरीला बाकावर बसल्या बसल्या तक्रारीचे कागद चाळले. सतराव्या पानावर प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, त्यावर आमचा तिरका गोल शिक्का! तक्रारदाराने स्वतःच जोडलेली. म्हणजे पहिल्या दिवसापासून ती यांच्याही फाइलमध्ये होती. साहेबांनी पान निरखलं. "ही झेरॉक्स आहे." मी काहीच बोलले नाही, नुसती बघत राहिले. शेवटी त्यांनी 'मूळ प्रत तक्रारदाराकडे' असा शेरा मारला.

कंपनीकडून वकील मिळाले, सव्विसाव्या दिवशी उत्तर दाखल झालं. केस चालू आहे.

हो, एक राहिलंच. वकिलाची नोटीस आली त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, आयोगाची वाट बघू नका. ही पॉलिसी क्लेम्स-मेड असते. चूक आधीची असली तरी दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू लागते, आणि घटना रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतरची, म्हणजे पॉलिसीत संरक्षण जिथून धरलंय त्या तारखेनंतरची, लागते. मध्ये खंड पडला की ती जुनी तारीख हातची जाऊ शकते. मी एक वर्ष हप्ता वाचवायच्या विचारात होते, आठवलं की घाम फुटतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'सॉरी' पाठवू नका. मी टाइप केलं होतं, पाठवलं नाही. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, असं पॉलिसीतच लिहिलंय.

आता एच-१ चं प्रत्येक प्रिस्क्रिप्शन पेशंटला विचारून मोबाइलवर टिपून ठेवते. मोबाइल भरत आलाय.